जुन्या लोकरी सूटिंगचे बंच: विकत घेण्याजोगे, पण लेबल पाहूनच

जुन्या फोटोत सूटची काट दिसते, कापडाचं वजन दिसत नाही. ते बोटांनाच कळतं. त्यासाठी ब्रिटिश गिरण्या आणि कापड-व्यापारी शिंप्यांना जे नमुन्यांचे बंच पुरवत, त्यांच्याइतकं चांगलं साधन नाही. फ्रेडरिक शोल्टे या लंडनच्या शिंप्याचा, छातीवर थोडा सैल पडणारा 'ड्रेप' कट घ्या. १९३० च्या दशकात तो गाजला, तेव्हा वारामागे (यार्डमागे) १६-१८ औंसांचं सूटिंग नेहमीच्या वापरातलं होतं. आजच्या ९ औंसांच्या कापडात तोच कट शिवला, की छातीवरचं जादा कापड सरळ खाली पडत नाही, नुसतं चुरगळल्यासारखं दिसतं. जाड नमुना दोन बोटांत धरून लोंबकळू दिला की कारण लगेच ध्यानात येतं.

घेताना कापडाआधी लेबल वाचा. डिझाइन नंबर, औंस, पन्हा आणि दर शाबूत असतील तर बंच अभ्यासाच्या कामाचा. लेबलं उपटलेला बंच म्हणजे नुसत्या चिंध्या, मग रंग कितीही देखणे असोत. काळ ठरवायलाही लेबलच उपयोगी पडतं. दर शिलिंग-पेनीत असेल तर बंच बहुधा फेब्रुवारी १९७१ पूर्वीचा, कारण त्या महिन्यात ब्रिटनने दशमान चलन स्वीकारलं. शुद्ध लोकरीची हमी देणारी वूलमार्कची खूण असेल तर १९६४ किंवा त्यानंतरचा. आणि लेबलवर टेरिलीन (पॉलिस्टरचा धागा) असूनही कोणी 'युद्धापूर्वीचा माल' म्हणत असेल तर सरळ परत करा. टेरिलीनचा शोधच १९४१ चा.

छापील औंसांवर न थांबता वजन करून पाहा. कार्डापासून सुटा झालेला तुकडा घ्या, नागमोडी कडेच्या दात्यांच्या मध्यापासून मोजून क्षेत्रफळ काढा आणि ०.०१ ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर ठेवा. १०० चौरस सेंटिमीटरचा तुकडा ३.६ ग्रॅम भरला, तर १५० सेंटिमीटर पन्ह्याला मीटरमागे ५४० ग्रॅम होतात. वारामागे १ औंस म्हणजे मीटरमागे सुमारे ३१ ग्रॅम, तेव्हा हे कापड साधारण साडेसतरा औंसांचं. काही ट्वीड अर्ध्या पन्ह्याचे, २८-२९ इंची असतात. तिथे पन्हा न पाहता हिशेब केला तर तो दुपटीने चुकतो.

लोकरीबद्दल शंका असेल तर कडेचे दोन धागे चिमट्यात धरून जाळा. लोकरीला जळक्या केसांचा वास येतो आणि राख बोटांनी चुरडते. कडक मणी उरला तर पॉलिस्टरसारखा कृत्रिम धागा मिसळलेला आहे.

सर्वांत मोठा दोष कसरीचा, म्हणजे लोकर खाणाऱ्या किडीचा. पानांच्या बेचक्यात रेशमी जाळी आणि कापडाच्याच रंगाचे वाळूसारखे कण शोधा. फ्लॅनेल आणि मऊ ट्वीडची पानं आधी उघडा. थोडीशी लागण असेल तर बंच सोडायचं कारण नाही. पॉलिथीनच्या पिशवीत हवा काढून बंद करा, उणे १८ अंशांवर दोन आठवडे ठेवा आणि बाहेर काढल्यावर दिवसभर पिशवी उघडू नका, नाहीतर थंड कापडावर दव धरून डिंक सुटतो आणि लेबलं निखळतात. धुवायचं तर मुळीच नाही: लोकर आटते, कार्ड फुगतं.

रंग जुळवायला मात्र उघडी कड वापरू नका. उजेडाने ती विटलेली असते. मूळ छटा लेबलाखाली किंवा शिवणीजवळ सापडते.