बीजी-2 कपाशीचं पाकीट: दसऱ्यापर्यंत भरवशाचं

आमचं रान परभणी जिल्ह्यातल्या मानवत तालुक्यात, भारी काळं, पाणी पावसाचंच. 2025 च्या खरिपाला बीजी-2 चं, म्हणजे बोंडअळीला मारणारी जनुकं घातलेल्या बीटी कपाशीचं, 475 ग्रॅमचं पाकीट 901 रुपयांना, म्हणजे सरकारनं ठरवलेल्या दरात मिळालं. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. पाकिटावर बोंडाचं चित्र कितीही टप्पोरं असो, आत अळीला मारणारी जनुकं सगळ्यांची तीच दोन.

उगवण चांगली झाली, नांगे (न उगवलेल्या जागा) फारसे भरावे लागले नाहीत. हिरव्या आणि ठिपक्याच्या बोंडअळीसाठी फवारणी करावीच लागली नाही, आणि खरा पैसा इथंच वाचतो. 2002 ला बीटी यायच्या आधी याच अळ्यांसाठी वडील पाठीवर पंप घेऊन हंगामभर राबायचे. मावा, तुडतुडे, फुलकिडे यांना मात्र बीटी काही करत नाही. दुकानदार ‘फवारणीच लागत नाही’ म्हणाला तर हसून सोडून द्या.

गाडी अडते ती गुलाबी अळीपाशी. 2017 ला तिनं सगळ्यांनाच रडवलं, आणि बीजी-2 पचवायला ती तेव्हाच शिकली होती. दसऱ्याच्या सुमारास डोमकळ्या दिसायला लागल्या: पाकळ्या एकमेकींत गुंतून मिटलेलं फूल, उलगडलं की आत अळी. वरून ठणठणीत दिसणारं हिरवं बोंड फोडलं तर एका कप्प्यात सरकी पोखरलेली, रुई पिवळी पडलेली. बारक्या अळीनं आत शिरताना पाडलेलं भोक बुजून जातं, मग वरून कितीही औषध मारा, तिच्यापर्यंत पोचत नाही. म्हणून पाती लागतानाच कामगंध सापळे (मादीच्या वासानं नर पतंग ओढणारे) लावा. सापळ्यात सलग तीन रात्री आठ-आठ पतंग सापडले तर थांबू नका, फवारा.

पूर्वी बिगर-बीटीची 120 ग्रॅमची पिशवी वेगळी यायची, अळीनं बीटी पचवायला शिकू नये म्हणून कडेनं लावायला. आमच्या शिवारात ती लावलेली मी तरी पाहिली नाही. आता ते बी पाकिटातच मिसळून येतं. हे बरं केलं.

सप्टेंबरच्या अतिवृष्टीत खालची बोंडं सडली, तो दोष बियाण्याचा नाही. पहिल्या दोन वेचण्या पांढऱ्याशुभ्र निघाल्या. तिसरीत कवडी (किडका, डागी कापूस) जास्त, वेचणाऱ्या बायाही कुरकुरल्या, आणि व्यापाऱ्यानं भाव पाडला तो वेगळाच. फरदडीचा (हंगाम संपल्यावरही पीक राखून आणखी कापूस घ्यायचा) मोह न धरता डिसेंबरातच पऱ्हाट्या उपटल्या. पुन्हा घेईन ते लवकर फुटणारं वाणच; लांबणारं वाण म्हणजे गुलाबी अळीला घरचं जेवण.

बियाण्याला पाचपैकी साडेतीन. दुकानाला एकच, कारण मागणी असलेल्या वाणासोबत नको असलेलं टॉनिक गळ्यात मारलं आणि पक्कं बिल मागितल्यावर तोंड वाकडं केलं. तुम्ही मात्र बिल घ्याच, रिकामं पाकीट, टॅग आणि मूठभर बी जपून ठेवा. उगवलं नाही तर पंचायत समितीत तक्रार देताना हेच मागतात.