पत्रकारांच्याच मालकीचे ‘आफ्टरमॅथ’ : वर्गणी भरावी का?

व्हिडिओ गेमविषयीच्या बातम्या आणि समीक्षा पैसे भरून वाचाव्यात, ही कल्पनाच आपल्याकडे अनेकांना पटणार नाही, कारण गेली वीस-पंचवीस वर्षे हा मजकूर फुकटच मिळत आला आहे. ‘आफ्टरमॅथ’ हे अमेरिकी संकेतस्थळ मात्र पहिल्या दिवसापासून उघडपणे वर्गणी मागते. नेथन ग्रेसन, रायली मॅक्लाउड, गीता जॅक्सन, ल्यूक प्लंकेट आणि क्रिस पर्सन या ‘कोटाकु’ नावाच्या गेमविषयक संकेतस्थळाच्या पाच माजी पत्रकारांनी नोव्हेंबर २०२३मध्ये ते सुरू केले. लिहिणारे तेच आणि मालकही तेच. वर्गणी महिन्याला ७ डॉलरपासून सुरू होते, म्हणजे आपल्या पैशांत सहाशे रुपयांच्या आसपास. एवढ्या पैशांत दोन बऱ्यापैकी दिवाळी अंक येतात आणि ते वर्षभर पुरतात. तेव्हा दर महिन्याला इतकी रक्कम देऊन नेमके काय पदरात पडते, याचा हिशेब मांडणे योग्य ठरेल.

तो मांडताना हे संकेतस्थळ ज्या पडझडीतून उभे राहिले तिचा विचार टाळता येत नाही. १९९१पासून निघणारे ‘गेम इन्फॉर्मर’ हे अमेरिकी मासिक ऑगस्ट २०२४मध्ये त्याच्या मालकाने, म्हणजे ‘गेमस्टॉप’ या दुकानांच्या साखळीने, एका शुक्रवारी बंद केले, आणि संकेतस्थळावरील सारा मजकूर हटवून तिथे निरोपाचे एक पान लावले. पुढे मार्च २०२५मध्ये ते मासिक जुन्या संपादकवर्गासह आणि जुन्या मजकुरासह परत आले ही आनंदाचीच गोष्ट आहे. पण त्याला वाचवणारी ‘गन्झिला गेम्स’ ही स्वतःच गेम बनवणारी कंपनी आहे, ही बाब आनंदाच्या भरात विसरली जाऊ नये. १ मे २०२५ रोजी ‘व्हॉक्स मीडिया’ने ‘पॉलिगॉन’ हे आपले गेमविषयक संकेतस्थळ विकले आणि तिथल्या बऱ्याच जणांची नोकरी त्याच दिवशी गेली. ‘कोटाकु’ तर गेल्या दहा वर्षांत ‘गॉकर’कडून ‘युनिव्हिजन’कडे, तिथून ‘जी/ओ मीडिया’कडे आणि २०२५मध्ये ‘केलिऑप्स’कडे गेले.

मालक बदलला की मजकूर कसा बदलतो, याचा दाखला ‘आफ्टरमॅथ’नेच दिलेल्या एका बातमीत सापडतो. मार्च २०२४मध्ये ‘कोटाकु’च्या मुख्य संपादक जेन ग्लेनन यांनी राजीनामा दिला, कारण बातम्या कमी करून गाइडवर, म्हणजे गेममध्ये अडलेल्याला वाट दाखवणाऱ्या लेखांवर, भर द्यावा असा व्यवस्थापनाचा आदेश होता, आठवड्याला अशा ५० गाइडची अपेक्षा असल्याचेही तेव्हा बाहेर आले. ही गाइड काय चीज असते ते गेम खेळणाऱ्या कुणालाही सांगावे लागत नाही. अमुक दरवाजाची किल्ली कुठे आहे एवढेच आपल्याला हवे असते. पान उघडले की आधी तो गेम कधी आला, कुणी बनवला आणि तो किती लोकप्रिय आहे हे तीन परिच्छेदांत सांगितले जाते, मध्येच न मागितलेला व्हिडिओ आपोआप सुरू होतो, जाहिरातीची पट्टी नेमकी बोटाखाली सरकते, आणि किल्ली पलंगाखाली आहे हे एक वाक्य पानाच्या तळाशी मिळते. ते पान वाचकासाठी लिहिलेलेच नसते, गुगलसाठी लिहिलेले असते. मे २०२४पासून गुगलने अमेरिकेत शोधाच्या निकालांवर स्वतःच एआयने तयार केलेली उत्तरे द्यायला सुरुवात केली आणि या धंद्याच्या मुळावरच घाव बसला, कारण किल्लीचे उत्तर वरच मिळाल्यावर खालचे पान उघडण्याचे कुणाला काय पडले आहे?

म्हणूनच ‘आफ्टरमॅथ’मध्ये गाइड जवळपास नसणे हा मला उणेपणा वाटत नाही. इतरांची पाने वाचून जे तयार करता येत नाही, तेच इथे विकायला ठेवले आहे. एखाद्या स्टुडिओत नोकरकपात होते तेव्हा कंपनीच्या निवेदनावर न थांबता आतल्या माणसांशी बोलणे, कामगार संघटनेच्या वाटाघाटी कुठे अडल्या ते शोधणे, अभिनेत्यांच्या ‘सॅग-आफ्ट्रा’ संघटनेने जुलै २०२४मध्ये पुकारलेल्या आणि जवळपास वर्षभर चाललेल्या संपात एआयचा मुद्दा इतका कळीचा का होता हे उलगडणे, अशा कामासाठी फोन करावे लागतात, ओळखी जपाव्या लागतात, आणि कधी कधी हाती काहीच लागत नाही. ग्रेसन यांचे या विषयांवरील वृत्तांकन हे वर्गणी भरण्याचे पहिले कारण आहे. प्लंकेट यांचा ओढा गेममधील चित्रकलेकडे, तर पर्सन यांचा जुन्या यंत्रांकडे आणि ध्वनिचित्रफितींच्या जतनाकडे आहे. या लेखांना फार मोठा वाचकवर्ग नसणार हे उघड आहे, पण जाहिरातींच्या हिशेबात जे कधीच बसले नसते ते इथे बसते. समीक्षाही असतात, मात्र गुण न देता लिहिलेल्या आणि बऱ्याचदा गेम येऊन गेल्यावर आलेल्या. विकत घ्यावा की नाही, एवढाच प्रश्न घेऊन येणाऱ्याचे इथे समाधान होणार नाही.

मालकी लेखकांकडे आली म्हणून सगळे दबाव संपले, असे मानणे भाबडेपणाचे होईल. नोव्हेंबर २००७मध्ये ‘गेमस्पॉट’ या संकेतस्थळाने जेफ गर्स्टमन या आपल्या मुरलेल्या समीक्षकाला काढून टाकले. ‘केन अँड लिंच’ या गेमच्या जाहिराती तेव्हा त्याच संकेतस्थळावर झळकत होत्या, आणि गर्स्टमन यांनी त्याला १०पैकी ६ गुण दिले होते. या दोन गोष्टींचा संबंध होता हे त्यांना २०१२मध्येच उघडपणे सांगता आले. असा दबाव वर्गणीवर चालणाऱ्या ठिकाणी येणार नाही, हे खरे. परंतु २०१५मध्ये ‘कोटाकु’ने जाहीर केले होते की न घोषित झालेल्या गेमच्या बातम्या छापल्यामुळे बेथेस्डा आणि युबिसॉफ्ट या गेम कंपन्यांनी त्यांना रिव्ह्यू कोड, म्हणजे समीक्षेसाठी गेमची मोफत प्रत, देणे आणि प्रश्नांना उत्तरे देणे थांबवले आहे. हा दुसरा दबाव मालक कुणीही असला तरी तसाच राहतो, आणि पाच माणसांच्या संस्थेला तो मोठ्या संस्थेपेक्षा जास्त जाचतो.

माणसे मोजकी असल्याचा परिणाम इतरत्रही दिसतो. मजकूर रोज भरभरून येत नाही, विषयांची निवड त्या पाच जणांच्या आवडीनिवडीवर चालते, आणि गेमपत्रकारितेविषयीच लिहिण्याचा सोस जरा जास्त आहे. अमेरिकेतल्या कुठल्या संपादकाने कुठली नोकरी सोडली यात आपल्या वाचकाला कितीसा रस असणार? भारत तर या नकाशावर जवळजवळ नाहीच. पुण्याच्या ‘नॉडिंग हेड्स गेम्स’चा ‘राजी’ हा गेम २०२०मध्ये निन्टेन्डो स्विच या गेमयंत्रावर आला, तेव्हा परदेशी संकेतस्थळांनी त्याच्या समीक्षा केल्या. पण पुण्यात असा स्टुडिओ चालवायला पैसा कुठून येतो, कलाकार कसे टिकवले जातात, हे सविस्तर सांगणारा वार्ताहर परदेशातून येणार नाही, आणि त्याचा दोष ‘आफ्टरमॅथ’ला देता येणार नाही. एकेकाळी ‘डिजिट’ या तंत्रज्ञानविषयक मासिकाच्या घरातले ‘स्कोअर’ हे गेमविषयक मासिक आपल्याकडे होते. त्याच्या जागी आता बहुतेक यूट्यूब वाहिन्याच आहेत, आणि त्यांतल्या अनेकांचे उत्पन्न ज्या कंपन्यांच्या वस्तूंचे ते परीक्षण करतात त्यांच्याकडूनच येते.

माझे मत असे, की गेम कसे बनतात, ते बनवणाऱ्यांचे काय होते आणि हा धंदा कुणाच्या हातात आहे, यात ज्याला खरा रस आहे त्याने वर्गणी जरूर भरावी. फक्त ट्रेलर, प्रदर्शनाच्या तारखा आणि गुण हवे असतील तर ‘आयजीएन’ हे संकेतस्थळ फुकट आहे आणि त्या कामात चांगलेही आहे. पैसे भरताना एक व्यावहारिक अडचण लक्षात ठेवावी. रिझर्व्ह बँकेचे दरमहा आपोआप होणाऱ्या कार्डव्यवहारांविषयीचे नियम ऑक्टोबर २०२१पासून कडक झाले आहेत, त्यामुळे परदेशी वर्गणीचे मासिक नूतनीकरण आपल्या बँकेकडून अडू शकते. माझ्या बँकेने ते अडवले आणि कारण विचारल्यावर धड उत्तरही दिले नाही. शिवाय परकीय चलनाचे शुल्क दर व्यवहाराला वेगळे कापले जाते. म्हणून वर्षाची रक्कम एकदाच भरलेली बरी, तीही खालच्याच टप्प्याची. महिन्याला १० डॉलरच्या वरच्या टप्प्यात मुख्यतः लेखांखाली लिहिण्याची आणि डिस्कॉर्ड या गप्पांच्या अ‍ॅपवरील गप्पांत सामील होण्याची सोय मिळते, आणि त्या गप्पा ऐन रंगात येतात तेव्हा इथे मध्यरात्र उलटून गेलेली असते.