मॅगसल्फ: प्रसूतीनंतर १२ तास की २४?

मॅगसल्फ म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट, गरोदरपणात बीपी वाढून झटके (फिट) येऊ नयेत म्हणून देतात ते. आधी लोडिंग डोस, म्हणजे सुरुवातीचा मोठा डोस, मग ड्रिपने तासाला १ ग्रॅम, हे तुम्हाला पाठच असणार. घोडं अडतं ते बंद कधी करायचं यावर. मी बरीच वर्षं न चुकता २४ तास पूर्ण करायचो. आता निवडक पेशंटमध्ये १२ वर थांबतो.

२४ ची बाजू भक्कम आहे. जागतिक आरोग्य संघटना तेच सांगते, आणि कोणी जाब विचारला तर दाखवायला कागद असतो. २००२ च्या मॅगपाय चाचणीत सुमारे १० हजार बायकांमध्ये झटक्यांचा धोका निम्म्याहून खाली आला. पण तिथले २४ तास आधीच ठरवलेले होते, १२ शी ताडून काढलेले नव्हते. १२ तासांच्या चाचण्यांत झटके वाढलेले दिसले नाहीत हे खरं, पण त्या लहान. झटका मुळात इतका विरळा की काहीशे बायकांत फरक दिसणं कठीणच.

माझं मत फिरवलं ते कॅथेटरने. औषध बाहेर पडतं लघवीवाटे, म्हणून ड्रिप चालू आहे तोवर लघवी मोजणं आलं आणि पिशवीही आली. अंगाची लाही, पापण्या जड, हात इतके ढिले की बाळाचं डोकं धरवत नाही. बाळ हातभर अंतरावर, पण उचलून द्यायला दुसरं कोणीतरी लागतं. त्यात दर तासाला कोणी श्वास मोजतं, कोणी गुडघ्यावर हातोडी मारतं. एकीने पहाटे विचारलं, "डॉक्टर, औषध झटक्यांचं आहे ना? मग झोपू का देत नाही?" तिचं बीपी आदल्या दुपारपासून शांत होतं. माझ्याकडे उत्तर नव्हतं.

अर्थात झटका येऊन गेलेला असेल, हेल्प (रक्तपेशी फुटणं, यकृत बिघडणं, प्लेटलेट घसरणं) असेल, डोकेदुखी किंवा डोळ्यांपुढे अंधारी असेल, बीपी वर-खाली होत असेल, तर मी २४ च्या आत हात लावत नाही. झटका प्रसूतीनंतर आला असेल तर मोजणी तिथून. बाकीच्यांत बीपी १५०/१०० च्या खाली टिकलंय, लघवी भरपूर आहे, प्लेटलेट घसरत नाहीत, एवढं असलं की १२ मला पुरेसे वाटतात. तुमच्या वॉर्डात रात्री लक्ष ठेवायला माणूस नसेल तर कदाचित वाटणार नाहीत.

बंद केल्यावर कॅथेटर लगेच काढतो. हातातली सुई मात्र दुसऱ्या दिवसापर्यंत राहू देतो, आणि बीपी ४-४ तासांनी चालूच.