मुंबई–न्यूयॉर्क: थेट जावं की अबुधाबीमार्गे?

लोहगावहून अमेरिकेला थेट विमान नाही, त्यामुळे पुणेकराला मुंबई गाठणं चुकत नाही. घाटातल्या ट्रकांचा त्रास दोन्हीकडे सारखाच, तो हिशेबात धरत नाही. मुलगी न्यू जर्सीत असते. पहिल्या खेपेला आम्ही दोघं थेट गेलो, दुसऱ्या खेपेला अबुधाबीमार्गे.

अंतरावर जाऊ नका. मुंबई–न्यूयॉर्क सरळ साधारण 12,500 किलोमीटर आणि अबुधाबीवरून सुमारे 13,000. म्हणजे वळसा पुणे–गोव्याएवढा, विमानाला जेमतेम पाऊण तासाचा. वेळ खातो तो मधला मुक्काम. थेट विमानाला पंधरा-सोळा तास, थांबा धरला तर वीस-बावीस. (2025 च्या एप्रिलमध्ये पाकिस्तानची हवाई हद्द भारतीय कंपन्यांना बंद झाल्यावर थेट विमानांचा वेळ वाढला, म्हणून ताजं वेळापत्रक बघूनच ठरवा.) शिवाय थेट विमानात पट्टा-बूट काढायची दुसरी तपासणी नाही, झोपही मोडत नाही. कागदावर थेटच सरस.

मला नडलं ते उतरल्यावर. पाय सुजलेले, डोळ्यांवर झापड आणि समोर इमिग्रेशनची नागमोडी रांग. दोन तास उभे होतो. नंबर लागला तेव्हा अधिकाऱ्याने हिला विचारलं, किती दिवस राहणार? ही म्हणाली, "ते लेकीवर आहे." परतीचं तिकीट शोधायला मला लाडवांचा डबा बाहेर काढावा लागला. सोळा तासांच्या बैठकीनंतर माणसाचं डोकं अशा प्रश्नोत्तरांना तयार नसतं, निदान आमचं तरी नव्हतं.

अबुधाबीला 2014 पासून अमेरिकेचं इमिग्रेशन तिथेच उरकून घेतात. मुंबईहून निघाल्यावर तीन-साडेतीन तासांत, अजून ताजेतवाने असतानाच प्रश्न विचारले जातात. (अडलंच काही, तर घरही तेवढ्याच अंतरावर!) न्यूयॉर्कला मग देशांतर्गत विमानातून आल्यासारखं उतरायचं, बॅगा घ्यायच्या, चालू लागायचं. आम्ही बाहेर आलो तेव्हा जावईबापू अजून गाडी लावायला जागाच शोधत होते.

मधला थांबा मात्र तीन-साडेतीन तासांचा तरी ठेवा. रांग तिथेही असते, आणि अमेरिकेच्या विमानासाठी सुरक्षा तपासणी पुन्हा होते. आपल्या विमानाला ही सोय आहे ना, एवढं तिकीट काढतानाच विचारून घ्यावं. कडेवर लहान मूल असेल किंवा हाती ग्रीन कार्ड असेल, तर थेट विमानाला मी नाही म्हणणार नाही. ज्याचा त्याचा गुडघा.

यंदा जायचं तिकीट अबुधाबीचं काढलंय, यायचं थेट. परतीला तो फायदा नाही, वारा पाठीशी असल्याने वेळही थोडा कमी लागतो, आणि मुंबईत "किती दिवस राहणार" असं हिला कुणी विचारत नाही.