कॉलेज फुटबॉल गाजवलं, आता कोच व्हायचंय: सुरुवात कुठून करावी?

अमेरिकेत फुटबॉल म्हणजे लांबट चेंडू हातात धरून पळायचा खेळ. त्यातलं कॉलेज फुटबॉल तर तिथल्या विद्यापीठांच्या गावांचा जीव आहे. ॲन आर्बर किंवा टस्कलूसा इथे शनिवारच्या एका सामन्याला लाखभर माणसं जमतात. विशीतला मुलगा त्या गर्दीचा लाडका होतो, आणि चार-पाच वर्षांत ते पर्व संपतं. एनएफएल ही व्यावसायिक लीग आणि ड्राफ्ट म्हणजे तिच्या संघांनी नवे खेळाडू निवडण्याची वार्षिक प्रक्रिया; त्यात दरवर्षी अडीचशेच्या आसपास खेळाडूंचीच निवड होते. निवड झालेल्यांपैकीही बरेच जण तिशीच्या आतच मोकळे होतात. ज्याला खेळ सोडवत नाही, त्याच्यापुढे मग कोचिंगचा विचार येतो.

हा आढावा त्याच्यासाठी आणि त्याच्या घरच्यांसाठी आहे. अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी घरांतल्या मुलांनाही हा खेळ शाळेपासून भेटतो. मुलाने उद्या 'मला कोच व्हायचंय' म्हटलं, तर त्याच्यापुढे कोणते रस्ते आहेत हे आई-वडिलांना माहीत असावं. मुख्य रस्ते तीन: कॉलेजातच ग्रॅज्युएट असिस्टंट म्हणून तळापासून सुरुवात करणं, एनएफएलच्या एखाद्या संघात कनिष्ठ कोच म्हणून शिरणं, किंवा नावाच्या जोरावर थेट मुख्य कोच होणं. माझा कल पहिल्याकडे आहे, आणि तो का, हे खाली सविस्तर येईलच.

ग्रॅज्युएट असिस्टंट म्हणजे विद्यापीठात पदव्युत्तर शिक्षण घ्यायचं आणि संघासाठी राबायचं. फी बहुधा माफ होते आणि हातखर्चापुरतं मानधन मिळतं. बदल्यात सामन्यांच्या फिल्मचे तुकडे पाडून वर्गवारी करायची, पुढच्या प्रतिस्पर्ध्याच्या चाली कार्डांवर काढायच्या आणि सरावात राखीव खेळाडूंकडून त्या करून घ्यायच्या. वरिष्ठ येण्याआधी हजर व्हायचं आणि ते गेल्यावर निघायचं. कालपर्यंत ज्याची सही घ्यायला रांग लागायची, त्याला हे जड जातं. पण खेळ समजावून सांगायचा कसा, हे इथेच शिकायला मिळतं. उत्तम खेळाडूचं शरीर विचार करण्याआधीच हालचाल करतं. तीच हालचाल पायरी-पायरीने सुटी करून सामान्य कुवतीच्या मुलाला दाखवणं हे वेगळं कौशल्य आहे, आणि ते राखीव खेळाडूंसोबत घालवलेल्या तासांतून येतं.

कर्बी स्मार्टचं उदाहरण या बाबतीत मला सगळ्यात बोलकं वाटतं. जॉर्जिया विद्यापीठाचा हा सेफ्टी (बचावफळीत सगळ्यात मागे उभा राहणारा खेळाडू) 1998 मध्ये साउथईस्टर्न कॉन्फरन्स या विद्यापीठांच्या गटाच्या सर्वोत्तम संघात निवडला गेला होता. ड्राफ्टमध्ये नाव आलं नाही. 1999 मध्ये एनएफएलच्या इंडियानापोलिस कोल्ट्सने करार केला, पण अंतिम संघात ठेवलं नाही. तो जॉर्जियाला परतून कार्यालयीन काम करू लागला, मग व्हॅल्डोस्टा स्टेट या छोट्या विद्यापीठात गेला आणि दुसऱ्याच वर्षी तिथल्या बचावफळीचा प्रमुख झाला. एवढ्यावर समाधान मानणं सोपं होतं. त्याने 2002 मध्ये ते पद सोडलं आणि बॉबी बाउडन यांच्या फ्लोरिडा स्टेटमध्ये साधा ग्रॅज्युएट असिस्टंट म्हणून रुजू झाला. पद खाली आलं, पण मोठा संघ कसा चालतो ते आतून पाहता आलं. पुढे नामवंत कोच निक सेबन यांच्या हाताखाली लुइझियाना स्टेट विद्यापीठ (एलएसयू), एनएफएलचा मायामी डॉल्फिन्स संघ आणि अलाबामा विद्यापीठ, मधे एक वर्ष जॉर्जिया. 2016 मध्ये तो जॉर्जियाचा मुख्य कोच झाला, आणि 2021 व 2022 च्या हंगामांत सलग दोन राष्ट्रीय विजेतेपदं आली. त्याआधीचं जॉर्जियाचं विजेतेपद 1980 चं होतं. तळापासून मुख्य पदापर्यंत सतरा वर्षं. घाई असलेल्या माणसाने हा आकडा लक्षात घ्यावा.

मार्कस फ्रीमनही असाच. ओहायो स्टेटचा लाइनबॅकर (बचावाच्या मधल्या फळीतला खेळाडू), 2009 मध्ये एनएफएलच्या शिकागो बेअर्सने ड्राफ्टमध्ये घेतलेला. हृदयाच्या दोषामुळे वर्षभरातच खेळणं थांबलं. 2010 मध्ये तो ओहायो स्टेटमध्येच ग्रॅज्युएट असिस्टंट झाला, मग केंट स्टेट, पर्ड्यू, सिनसिनाटी असे मजले चढत नोत्र दामला पोचला. 2021 च्या डिसेंबरात तिथे मुख्य कोच झाला आणि जानेवारी 2025 मध्ये त्याचा संघ राष्ट्रीय अंतिम सामना खेळला. तो सामना ते ओहायो स्टेटकडूनच हरले.

एनएफएलचा रस्ता वेगळ्या स्वभावाच्या माणसासाठी आहे. तिथे खेळाडू मिळवण्यासाठी शाळाशाळांतून फिरावं लागत नाही, सतरा वर्षांच्या मुलाच्या आईला विश्वासात घ्यावं लागत नाही, परीक्षेचे निकाल बघावे लागत नाहीत. दिवसभर फक्त फुटबॉल. सुरुवात 'क्वालिटी कंट्रोल' नावाच्या पदापासून होते, आणि त्यातही फिल्म आणि आकडेवारीचंच काम असतं. अडचण एवढीच की संघ बत्तीसच आणि जागा मोजक्या. ओळख लागते, आणि ती बहुतेकदा त्या लीगमध्ये खेळल्यानेच होते.

डेमेको रायन्सने हेच केलं. 2005 मध्ये अलाबामाचा लाइनबॅकर म्हणून एकमताने ऑल-अमेरिकन, म्हणजे देशातल्या सर्वोत्तम कॉलेज खेळाडूंच्या यादीत, 2006 मध्ये एनएफएलचा सर्वोत्तम नवोदित बचावपटू. निवृत्तीनंतर 2017 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत क्वालिटी कंट्रोलच्या खुर्चीत बसला, 2021 मध्ये बचावफळीचा प्रमुख झाला आणि 2023 मध्ये ह्यूस्टन टेक्सन्सचा मुख्य कोच. आदल्या हंगामात तीनच सामने जिंकलेला संघ त्याच्या पहिल्याच हंगामात दहा सामने जिंकला. केलन मूरचं गणित निराळं. बॉइझी स्टेटचा क्वार्टरबॅक, म्हणजे आक्रमण चालवणारा आणि चेंडू फेकणारा खेळाडू, म्हणून त्याने 50 सामने जिंकले आणि फक्त 3 हरले, तरी ड्राफ्टमध्ये कुणी घेतलं नाही. एनएफएलमध्ये त्याचा बहुतेक काळ राखीव म्हणूनच गेला. पण त्या बाकावर बसून त्याने चाली आत्मसात केल्या. 2018 मध्ये डॅलसमध्ये तो क्वार्टरबॅकांचा कोच होता आणि पुढच्याच वर्षी आक्रमणाचा प्रमुख. 2025 मध्ये फिलाडेल्फियासोबत सुपर बोल हा एनएफएलचा अंतिम सामना जिंकून तो न्यू ऑर्लिन्सचा मुख्य कोच झाला. ज्याचं डोकं पायांपेक्षा वेगाने चालतं, त्याने हा रस्ता जरूर तपासावा. अर्थात आधी एनएफएलच्या दाराच्या आत पाऊल हवं. कॉलेजातून थेट बाहेर पडलेल्याला ते क्वचितच जमतं.

तिसरा रस्ता सध्या सगळ्यात गाजतोय, आणि त्याबद्दलच मला सर्वाधिक काळजी वाटते. कारण डिऑन सँडर्स. फ्लोरिडा स्टेटचा हा अलौकिक कॉर्नरबॅक (चेंडू झेलणाऱ्या प्रतिस्पर्ध्याला रोखणारा बचावपटू) 2020 मध्ये जॅक्सन स्टेट या कृष्णवर्णीयांच्या ऐतिहासिक विद्यापीठाचा मुख्य कोच झाला, तिथे 27 सामने जिंकला आणि 6 हरला, आणि मग कोलोरॅडो विद्यापीठाने त्याला बोलावलं. आदल्या वर्षी एकच सामना जिंकलेल्या त्या संघाने त्याच्या हाताखाली 2023 मध्ये चार आणि 2024 मध्ये नऊ सामने जिंकले. त्याच्यासोबत जॅक्सन स्टेटहून आलेल्या ट्रॅव्हिस हंटरला 2024 ची हाइझमन ट्रॉफी, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम कॉलेज खेळाडूचा पुरस्कार, मिळाली. 2025 मध्ये मात्र हंटर आणि डिऑनचा क्वार्टरबॅक मुलगा शदूर एनएफएलला गेल्यावर संघ पुन्हा तीन विजयांवर आला. डिऑनची कथा सांगताना लोक एक गोष्ट विसरतात: जॅक्सन स्टेटच्या आधी त्याने टेक्सासमध्ये शाळेच्या मुलांना शिकवलं होतं. तो अगदी कोरा नव्हता.

एडी जॉर्ज खरोखर कोरा होता. ओहायो स्टेटकडून 1995 ची हाइझमन जिंकलेला, पण कोचिंगचा अनुभव शून्य. 2021 मध्ये टेनेसी स्टेटने त्याला थेट मुख्य कोच केलं. पहिल्या दोन हंगामांत विजयांपेक्षा पराभव जास्त. चौथ्या हंगामात नऊ विजय मिळवून संघ प्लेऑफमध्ये, म्हणजे विजेतेपदाच्या बाद फेरीत, गेला आणि 2025 मध्ये बोलिंग ग्रीनने त्याला घेतलं. त्याच्या चिकाटीबद्दल मला आदर आहे. पण ज्या खेळाडूंची कॉलेजची वर्षं त्याच्या शिकण्यात गेली, त्यांचाही विचार व्हायला हवा. शिवाय नाव कायम वाचवत नाही. सुपर बोल जिंकलेला क्वार्टरबॅक ट्रेंट डिल्फर शाळेच्या संघावरून थेट अलाबामा-बर्मिंगहॅम विद्यापीठात आला आणि तिसरा हंगाम पुरा होण्याआधीच त्याला काढण्यात आलं.

आता आपल्याच कॉलेजात परतावं का, हा प्रश्न. स्टीव्ह स्पुरियर हे यशाचं मोठं उदाहरण: 1966 मध्ये फ्लोरिडाकडून हाइझमन, 1990 मध्ये तिथेच मुख्य कोच, 1996 मध्ये विद्यापीठाचं पहिलं राष्ट्रीय विजेतेपद. पण मधल्या काळात त्यांनी जॉर्जिया टेक आणि ड्यूकमध्ये सहायक म्हणून काम केलं, टॅम्पातला व्यावसायिक संघ चालवला आणि ड्यूकचं मुख्य पदही सांभाळलं. जिम हार्बॉही सॅन डिएगो, स्टॅनफर्ड आणि एनएफएलचा सॅन फ्रान्सिस्को फोर्टी नाइनर्स संघ करून 2015 मध्ये आपल्याच मिशिगनला परत आला आणि 2023 चा हंगाम एकही सामना न हरता जिंकला.

उलट बाजूला स्कॉट फ्रॉस्ट. नेब्रास्काचा 1997 चा विजेता क्वार्टरबॅक. सेंट्रल फ्लोरिडाला त्याने 2017 मध्ये 13-0 असा हंगाम दिला आणि 2018 मध्ये वाजतगाजत घरी, नेब्रास्काला, आला. तिथे 16 विजय, 31 पराभव, आणि सप्टेंबर 2022 मध्ये हकालपट्टी. फ्रॉस्टनेही पायऱ्या चढल्या होत्या, तरी हे घडलं. आपल्या गावात लोक कोचकडे पाहत नाहीत, त्यांना जुना क्वार्टरबॅकच दिसत असतो. पराभव झाला तर दुकानातल्या, चर्चमधल्या प्रत्येक ओळखीच्या नजरेला सामोरं जावं लागतं. म्हणून पहिलं मुख्य पद परक्या गावातच घ्यावं, असं माझं ठाम मत आहे.

शाळेत कोच होण्याचा पर्यायही आहे. टेक्साससारख्या राज्यात सरकारी शाळांचे मुख्य कोच पूर्णवेळ नोकरीत असतात, त्यामुळे शिक्षकाची पात्रता कामी येते. मुलाबाळांसोबत एका गावात राहायचं असेल तर याहून स्थिर काही नाही. कॉलेजचा कोच दर दोन-तीन वर्षांनी घर हलवतो, हे लग्न ठरवतानाच बोलून घ्यावं.

तेव्हा पंचविशीच्या आतल्या आणि एनएफएल न मिळालेल्या खेळाडूने ग्रॅज्युएट असिस्टंटची जागा शोधावी, शक्यतो अशा कोचकडे ज्याचे जुने सहायक आज स्वतः मुख्य कोच आहेत. 2024 च्या उन्हाळ्यात एनसीएएने (कॉलेज खेळांची नियामक संस्था) नियम सैल केल्यापासून वरच्या स्तरावर विश्लेषकांनाही, म्हणजे संघासाठी फिल्म आणि आकडेवारी अभ्यासणाऱ्या कर्मचाऱ्यांनाही, मैदानावर उतरून शिकवता येतं, त्यामुळे तीही जागा चालेल. मुख्य कोचांची उचलबांगडी आणि नव्या नेमणुका बहुतेक नोव्हेंबरअखेरपासून होतात आणि जानेवारीत कोचांच्या संघटनेच्या वार्षिक अधिवेशनात नोकऱ्यांची बोलणी चालतात. आपल्या जुन्या कोचला फोन करायचा तो त्याआधी, ऑक्टोबरमध्येच.