फॅमिली फ्लोटरचं पहिलं वर्ष: डेंग्यू, रूम रेंट आणि १,८४० रुपयांचे ग्लोव्हज

कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण चार ओळखीच्यांशी बोलल्यावर कळलं की थोड्याफार फरकाने सगळ्यांचीच बिलं अशी कापून येतात. आरोग्य विम्याची पॉलिसी ३ लाखांची, मी, मिसेस आणि पोरगं, नोव्हेंबर २०२४ ला घेतलेली, हप्ता १४,००० आणि वर १८ टक्के जीएसटी धरून १६,५२० गेले. फ्लोटर म्हणजे घरातल्या सगळ्यांना मिळून एकच विमा रक्कम, आणि कॅशलेस म्हणजे हॉस्पिटलचं बिल कंपनी परस्पर भरते.

ऑगस्टमध्ये पोराला डेंग्यू झाला. आमच्या गल्लीत तेव्हा घराआड एक पेशंट होता. प्लेटलेट उतरायला लागल्या तसं कंपनीच्या नेटवर्कमधल्या, म्हणजे कॅशलेस चालणाऱ्या हॉस्पिटलात नेलं, आणि एक मान्य करतो, कॅशलेसची पहिली मंजुरी तासाच्या आत आली. २०२४ पासून आयआरडीएआयचा, म्हणजे विमा कंपन्यांवरच्या सरकारी नियामकाचा, तसा नियमच आहे. डिस्चार्जच्या मंजुरीला तीन तास दिलेत, त्यापुढे उशीर झाला आणि हॉस्पिटलने त्याचे जादा पैसे लावले तर ते कंपनीने भरायचे. आम्ही सकाळी अकराला बॅगा भरून बसलो आणि संध्याकाळी सातला सुटलो, हॉस्पिटलने जादा भाडं लावलं नाही म्हणून गप्प बसलो.

मग बिल हातात आलं आणि माझं डोकं फिरलं ते १,८४० रुपयांवर. एक्झामिनेशन ग्लोव्हज, मास्क, युरिन जग आणि एक "किट", त्यात काय होतं ते काउंटरवरच्या पोरीलाही सांगता येईना. हे सगळं "नॉन-पेएबल". आता डेंग्यूचं रोज रक्त काढायचं, ते ग्लोव्हज न घालता काढणार होते काय? ग्लोव्हज काय मी हौसेने मागवले होते? तर म्हणे आयआरडीएआयची ६८ वस्तूंची यादी आहे, त्यातलं कंपनीने द्यायलाच पाहिजे असं नाही, पाहिजे असेल तर कन्झ्युमेबल्सचा (वापरून फेकायच्या वस्तूंचा) रायडर, म्हणजे जादा पैसे भरून जोडायचं कव्हर घ्या. एजंटने पॉलिसी विकताना तासभर बोलून रायडर हा शब्द उच्चारला नव्हता. मिसेस म्हणते एवढ्या बिलात अठराशेचं काय घेऊन बसलाय, पण पैशाचा प्रश्न नाही हो. बरं, पैशाचाही आहे.

खरा मोठा घोटाळा त्याच कागदावर खाली होता, ग्लोव्हजच्या रागात तो मला दोन दिवसांनी दिसला. पॉलिसीत रूम रेंटची लिमिट विमा रकमेच्या १ टक्का, म्हणजे दिवसाला ३,०००. डेंग्यूच्या गर्दीत मिळाली ती रूम ४,५०० ची. वरचे दीड हजार आपले, इथपर्यंत ठीक. पण डॉक्टर व्हिजिट, नर्सिंग असली रूमबरोबर वाढणारी बिलंही त्याच हिशोबात दोन तृतीयांशच मिळतात, याला प्रपोर्शनेट डिडक्शन म्हणतात. तेही कलमात आहे, मान्य. कंपनीने मात्र औषधं आणि लॅबच्या टेस्टलाही तीच कात्री लावली होती, साडेबावीस हजारातले साडेसात हजार उडवले. औषधं, टेस्ट, इम्प्लांट यांना ही कपात लावायची नाही असं आयआरडीएआयने स्पष्ट सांगितलंय, आयसीयूलाही नाही, आणि ज्या हॉस्पिटलात रूम बदलली तरी बाकीचे दर तेच राहतात तिथे तर ही कपातच चालत नाही.

कस्टमर केअरला फोन करून काही होत नाही, तिकडून "सर आम्ही नोंद घेतली" एवढंच. मी बिलाची पानं, कपातीचं पत्र आणि नियम तक्रार अधिकाऱ्याला मेल केला, आणि खाली लिहिलं की उत्तर नाही आलं तर आयआरडीएआयच्या बिमा भरोसा या तक्रार पोर्टलवर टाकणार, तिथंही नाही जमलं तर पुण्याच्या विमा लोकपालाकडे जाणार. लोकपालाकडे फी लागत नाही, वकीलही लागत नाही. पोर्टलवर जायची वेळच आली नाही, साडेसात हजार खात्यावर जमा, सॉरी वगैरे काही नाही.

खरं सांगायचं तर हा रिव्ह्यू तेव्हाच एका स्टारचा लिहून ठेवला होता. पैसे आल्यावर दोन केले. मग नोव्हेंबरात रिन्युअल आलं, २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य आणि आयुर्विम्यावरचा जीएसटी शून्य झालाय म्हणून मी खुशीत, तर कंपनीने मूळ हप्ताच हजाराने वाढवलेला. तरी १५,००० म्हणजे गेल्या वर्षीपेक्षा १,५२० कमीच. तीन स्टार. ग्लोव्हज नसते तर साडेतीन दिले असते.

पोर्ट करायचं, म्हणजे पॉलिसी दुसऱ्या कंपनीकडे न्यायचं डोक्यात होतं पण रिन्युअलच्या ४५ दिवस आधी अर्ज लागतो, ती तारीख गेलेली. म्हणून इथेच रक्कम ५ लाख केली, रूम लिमिट नसलेला प्लॅन घेतला, कन्झ्युमेबल्सचा रायडर पण, दात खाऊन. वाढीव २ लाखांना वेटिंग पिरियड, म्हणजे जुन्या आजारांसारख्या गोष्टींचा क्लेम मिळत नाही तो सुरुवातीचा काळ, नव्याने सुरू होतो हे लक्षात ठेवा.

स्वस्तातलं विचाराल तर बँकेतून वर्षाला ४३६ आणि २० रुपये कापून जाणाऱ्या दोन सरकारी योजना, जीवन ज्योती आणि सुरक्षा विमा, चालू ठेवा. पहिलीत मृत्यूला २ लाख, दुसरीत अपघाती मृत्यूला २ लाख, हॉस्पिटलचं बिल मात्र दोन्हीत नाही. महात्मा फुले योजना आता पांढऱ्या रेशनकार्डालाही आहे, ५ लाखांपर्यंत, पण यादीतलं हॉस्पिटल आणि यादीतलाच उपचार पाहिजे. पंचगंगेच्या काठाला राहणाऱ्यांनी २०१९ आणि २०२१ आठवून घराचा विमाही बघावा, भारत गृह रक्षा पॉलिसीत पूर येतो.

आता आईची पॉलिसी काढायची आहे. वय ६९, बीपीची गोळी चालू. आमच्या फ्लोटरमध्ये घातलं तर हप्ता घरातल्या सगळ्यात मोठ्या वयावर लागतो, म्हणून वेगळीच. सगळे २० टक्के को-पे सांगतायत, म्हणजे लाखाच्या बिलात वीस हजार आपले. कोल्हापुरात कुणाला को-पे नसलेली मिळाली असेल तर हप्ता किती बसला ते लिहा. आणि फॉर्ममध्ये बीपी लिहू नका, तीन वर्षांचं वेटिंग वाचेल असं सांगणारा एक एजंट मला ऑलरेडी भेटलाय, दुसरा नको.