बिलावर ‘फ्लॅटबेड’, रस्त्यावर मात्र मागची चाकं फिरत होती

माझ्या इलेक्ट्रिक गाडीची मोठी बॅटरी ६० टक्के भरलेली, आणि गाडी रस्त्याच्या कडेला ठप्प. स्क्रीन काळी, दारांची बटणं बंद, ‘पी’मधून (पार्किंग) गियर हलेना. मुलगा सोबत होता, अंधार पडत आला होता. मी फोनवर टोइंगवाला शोधला आणि पहिलाच प्रश्न विचारला, “इलेक्ट्रिक गाडी आहे, फ्लॅटबेड आहे ना?” “आहे ताई, फ्लॅटबेडच पाठवतो,” असं उत्तर आलं. फ्लॅटबेड म्हणजे अख्खी गाडी पाठीवर घेऊन जाणारा सपाट ट्रक. दरही फ्लॅटबेडचाच सांगितला. मी निम्मे पैसे लगेच पाठवले. पहिली चूक तिथे झाली.

तासाभराने आली ती दोन चाकं उचलणारी साधी क्रेन. मी म्हटलं, ही नको. तो माणूस अगदी शांतपणे म्हणाला, “ताई, मोठी गाडी दुसरीकडे अडकलीय, सकाळपर्यंत येणार नाही. मी रोज इलेक्ट्रिक गाड्या उचलतो. न्यूट्रल टाकली की झालं. उलट चाकं फिरतील तशी बॅटरी चार्ज होत जाईल, तुमचाच फायदा.”

या शेवटच्या वाक्याने मला फसवलं, कारण ते निम्मं खरं आहे. उतारावर पाय उचलला की बॅटरीत चार्ज जातो, हे मी रोज स्क्रीनवर पाहते. पण ते घडतं ते गाडी चालू असताना, तिचं सगळं नियंत्रण जागं असताना. बंद गाडीत तसं होत नाही. पेट्रोल गाडीत न्यूट्रल टाकलं की इंजिन चाकांपासून खरोखर सुटतं. बहुतेक इलेक्ट्रिक गाड्यांत मोटर आणि चाकं एकाच ठरावीक गियरने कायमची जोडलेली असतात, आणि ‘एन’ म्हणजे फक्त मोटरला वीज न देणं. चाक फिरलं की मोटर फिरतेच. तिच्यात कायमचे चुंबक असतील तर ती वीज तयार करते आणि वेग वाढेल तसा त्या विजेचा दाब वाढतो. हा दाब थेट इन्व्हर्टरवर येतो, म्हणजे बॅटरीची वीज मोटरसाठी बदलून देणाऱ्या भागावर. गाडी बंद असल्यामुळे थंड ठेवणारे पंपही बंद असतात.

माझ्या गाडीची मोटर मागच्या चाकांना आहे. त्याने पुढची चाकं उचलली आणि मागची रस्त्यावर ठेवली. म्हणजे जी चाकं जमिनीला लागायलाच नको होती, नेमकी तीच १८ किलोमीटर फिरली. निसान लीफसारख्या पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीची पुढची चाकं उचलून मागची जमिनीवर ठेवता येतात. टेस्लाची पुस्तिका चारही चाकं जमिनीपासून वर हवीत असं सांगते. माझ्या गाडीच्या पुस्तिकेतही तेच लिहिलं होतं. ती पुस्तिका समोरच्या खणात होती आणि मी ती उघडली नाही.

आणखी एक गोष्ट मला आजही सलते. ‘पी’मधून गाडी काढायला त्याने बोनेटखाली जंप स्टार्टर (बाहेरून वीज देणारी छोटी बॅटरी) लावला आणि स्क्रीन उजळली. मी म्हटलं, “चालू करून बघू का?” तो घाईने म्हणाला, “नको ताई, मोठ्या बॅटरीत बिघाड आहे, पेट घेईल.” मी घाबरले आणि हात मागे घेतला. सर्व्हिस सेंटरमध्ये कळलं की मोठ्या बॅटरीला काहीच झालं नव्हतं, १२ व्होल्टची छोटी बॅटरी बसली होती. मोठ्या बॅटरीला गाडीशी जोडणारे रिले, म्हणजे विजेवर चालणारे स्विच, या छोट्या बॅटरीवर चालतात. ती बसली की मोठी भरलेली असूनही गाडी मृत. पण जंप दिल्यावर रिले जोडले गेले की मोठी बॅटरीच सगळ्याला वीज पुरवते. मेकॅनिकने विचारलं, “स्क्रीन लागली तेव्हा ब्रेक दाबून स्टार्ट केली होती का?” केली असती तर बहुधा मी स्वतः चालवत घरी गेले असते. गाडी आपटली असेल किंवा पाण्यात बुडाली असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा ती चालू करूच नये, फ्लॅटबेडवरून न्यावी आणि इमारती व इतर गाड्यांपासून निदान १५ मीटर लांब, मोकळ्यावर ठेवावी, कारण बिघडलेली बॅटरी काही दिवसांनीसुद्धा पेटू शकते. याच खऱ्या भीतीचा त्याने माझ्यावर वापर केला.

तपासणीत पुढे आलं ते असं: इन्व्हर्टर गेला आणि पुढचा एक सस्पेन्शन आर्म, म्हणजे चाकाला गाडीशी जोडणारा दांडा, वाकला. त्याने साखळीचा हूक तिथेच अडकवला होता. ओढण्यासाठीचा स्क्रूचा हूक डिकीतल्या फळीखाली होता, बंपरवरची छोटी झाकणी काढून तो फिरवून बसवायचा असतो. गाडी बांधायची तीही टायरवरून जाणाऱ्या पट्ट्यांनी. जॅकसुद्धा ठरलेल्या जागीच लावायचा, कारण गाडीच्या तळाशी सगळीकडे बॅटरी पसरलेली असते.

चुकीच्या टोइंगमुळे झालेलं नुकसान वॉरंटीत बसत नाही, असं सर्व्हिस सेंटरने सांगितलं. विम्याचा क्लेम करायला गेले तर बिलावर स्पष्ट लिहिलेलं, ‘फ्लॅटबेड सेवा’, आणि खाली ‘गाडी सुस्थितीत मिळाली’ यावर माझी सही. अंधारात, मोबाइलच्या उजेडात, न वाचता केलेली. कागदोपत्री माझी गाडी फ्लॅटबेडवरच आली होती. टोइंगवाला म्हणाला, बिघाड आधीचाच.

मला वाचवलं ते मुलाच्या ४० सेकंदांच्या व्हिडिओने. रिक्षातून मागे येताना त्याने सहज काढला होता. क्रेनचा नंबर, वर उचललेली पुढची चाकं आणि रस्त्यावर गरगर फिरणारी मागची चाकं, सगळं त्यात दिसतं. तो पाठवल्यावर टोइंगचे पैसे परत आले. विमा कंपनीने सस्पेन्शनचा खर्च मान्य केला.

तुमच्यावर अशी वेळ आली तर फोनवरच्या बोलण्यावर राहू नका, ‘चारही चाकं वर’ हे शब्द मेसेजमध्ये लिहून घ्या. वेगळीच गाडी आली तर परत पाठवा, रात्र तिथेच काढावी लागली तरी. निघण्यापूर्वी चारही बाजूंनी व्हिडिओ घ्या, आणि गाडी उतरवून उजेडात पाहिल्याशिवाय सही करू नका.

इन्व्हर्टरच्या भरपाईची तक्रार मी ग्राहक आयोगात दाखल केली आहे. तिचा निकाल अजून लागलेला नाही.